ठेक्याला मालक नको, वादकाला मोबदला हवा

मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चा बेस, म्हणजे गाण्याखाली फिरणारी खर्जातली सुरावट, चोरीचा आहे, हा शोध दर काही महिन्यांनी कुणाला तरी नव्याने लागतो. पुरावा म्हणून एक किस्सा पुढे केला जातो, तो ‘हॉल अँड ओट्स’ या अमेरिकी जोडीतल्या डॅरिल हॉलने स्वतःच सांगितलेला आहे. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ‘वी आर द वर्ल्ड’चं ध्वनिमुद्रण होतं. तिथे जॅक्सन हॉलजवळ आला आणि ‘बिली जीन’साठी आपण तुमच्या ‘आय कान्ट गो फॉर दॅट’मधला बेस उचलला, अशी त्याने कबुली दिली. किस्सा इथेच तोडला की जॅक्सन चोर ठरतो. पण हॉल पुढे काय म्हणाला तेही त्याच किश्शात आहे: तो बेस मीही दुसऱ्या एका गाण्यावरून घेतला होता, आपण सगळेच असं करतो. आता दुसरी बाजू या उत्तरावर उड्या मारते आणि म्हणते, संगीतात सगळेच उचलतात, मग कॉपीराइट हे निव्वळ थोतांड. या दोन आरोळ्यांमध्ये मूळ प्रश्न चिरडला जातो. काय उचललं, कुणाकडून उचललं आणि त्याबद्दल कुणाला काय मिळालं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ड्रम आणि बेस मिळून गाण्याच्या तळाशी जे फिरतं आवर्तन रचतात, ज्याला वादक ग्रूव्ह म्हणतात, ते कुणाच्याही मालकीचं असता कामा नये. गाण्याची चाल, शब्द आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण यांना मालक असावा, आणि त्याचा हक्क पक्का असावा. आणि ज्याच्या हातांनी तो ठेका वाजला त्या वादकाला नाव आणि पैसा मिळावा, मालक नसला तरीही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या न्यायालयांनी आणि त्याहून जास्त तिथल्या वकिलांनी त्या एकत्र कालवल्या. त्यातून ज्या कृष्णवर्णीय संगीतकारांच्या नावाने हा लढा लढला जातो, त्यांच्या हाती फारसं काही पडलेलं नाही.

‘आय कान्ट गो फॉर दॅट’ तयार कसं झालं, तिथून सुरुवात करू. १९८१ साली हॉल आणि जॉन ओट्स न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ‘प्रायव्हेट आइज’ या अल्बमवर काम करत होते. दिवसाचं काम संपत आलं असताना हॉलने रोलंड कंपनीचं कॉम्प्युरिदम हे ड्रम मशिन चालू केलं, त्यात कारखान्यातूनच भरून आलेला एक तयार रॉक ठेका निवडला आणि कॉर्गच्या ऑर्गनवर डाव्या हाताने बेस वाजवायला लागला. ध्वनिमुद्रक नील कर्ननने टेप फिरवली. त्यावर गिटारचा तुकडा बसला, दुसऱ्या दिवशी सॅरा अ‍ॅलनसह शब्द लिहिले गेले, आणि चार्ली डीशँटचा सॅक्सोफोन चढला. ३० जानेवारी १९८२ ला हे गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिलं आलं. दहा आठवडे ठाण मांडून बसलेलं ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं ‘फिजिकल’ त्याने खाली उतरवलं. त्याच काळात ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या सोल यादीतही पहिलं होतं. गोऱ्या जोडीच्या वाट्याला हे क्वचितच आलेलं आहे.

या हकिगतीतला पहिला भाग पुन्हा वाचावा. ठेका हॉलचा नाही, ओट्सचाही नाही. तो जपानमधल्या अभियंत्यांनी मशिनमध्ये भरलेला आहे. घरगुती ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणून ही लाकडी पेटी बनवलेली होती. त्याच कंपनीचं याच घराण्यातलं मशिन ब्लाँडीच्या ‘हार्ट ऑफ ग्लास’मध्ये आहे, फिल कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्येही आहे. ग्रूव्हला मालकी द्यायचीच असेल, तर पहिला दावा रोलंडचा नाही का? आणि रोलंडच्या अभियंत्यांनी तो रॉक ठेका कुठून घेतला? अर्थातच मेम्फिस, डेट्रॉइट, न्यू ऑर्लिन्सच्या ड्रमवादकांकडून, ज्यांची नावं त्या पेटीवर कुठेच नव्हती.

आता ‘बिली जीन’ शेजारी ठेवून पाहू. दोन ठेके सारखे आहेत का, हे नुसतं ऐकून ठरवू नये, कारण कानाला आधी आवाजाचा पोत ऐकू येतो, रचना नंतर. त्यापेक्षा चार मात्रांच्या आवर्तनाचे आठ समान भाग करावेत. मोठा ड्रम कुठे पडतो, स्नेअर हा खणखणीत लहान ड्रम कुठे, बेसचा प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो, हे त्या आठ घरांत भरावं. सगळ्यात मोठी चूक यातल्या शेवटच्या नोंदीत होते: लोक स्वर सुरू होण्याची जागा लिहितात आणि तो कापला कुठे जातो ते विसरतात. ग्रूव्हचा निम्मा जीव त्या कापण्यात असतो. असं मांडलं की ‘बिली जीन’ उघडी पडते. मोठा ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या, हाय-हॅट ही झांजांची जोडी आठही घरांत, आणि लुई जॉन्सनचा बेससुद्धा आठही घरांत, एकही घर रिकामं न सोडता. षड्ज मानून म्हटलं तर सा, प, कोमल नी, सा, कोमल नी, प, म, प. हॉलचा बेस याच्या उलट वागतो. तो वाजतो, थांबतो, जागा सोडतो, आणि त्या जागेत मशिनचा ठेका ऐकू येतो. सारखं काय आहे? मायनर या पाश्चात्त्य स्वरसमूहाचा उदास रंग, न बदलणारं आवर्तन, आणि सजावट न करता गाण्याचा सगळा भार बेसवर टाकण्याची कल्पना. जॅक्सनने ही कल्पना उचलली, स्वर उचलले नाहीत. त्याची कबुली प्रामाणिक होती, पण ती चोरीची नव्हती.

‘बिली जीन’ दोन सेकंदांत ओळखू येते ती या आठ घरांमुळे नव्हे. असा ड्रम हजारो गाण्यांत आहे. ती ओळखू येते ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियनमुळे. त्याने ड्रमसाठी लाकडी चौथरा बनवून घेतला, मोठ्या ड्रमवर खास शिवलेलं आवरण चढवलं आणि आजूबाजूचा नाद मारून टाकला. ती ओळखू येते लिऑन चान्सलरच्या हातामुळे. हे सगळं ध्वनिमुद्रणात आहे, आणि ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने १५ फेब्रुवारी १९७२ पासून संरक्षण दिलेलं आहे. तो आवाज उचलून आपल्या गाण्यात चिकटवायचा तर परवानगी लागते. पण स्वतःचा ड्रम मांडून, स्वतःचा घाम गाळून तसाच आवाज काढला, तर तो गुन्हा नाही. ही सीमारेषा अगदी शहाणपणाची आहे, ती राखली पाहिजे.

इथे सगळ्यात सबळ आक्षेप येतो. हॉल, ओट्स किंवा जॅक्सन यांच्या चाहत्यांकडून नव्हे, तर फंक आणि हिपहॉपचा इतिहास जाणणाऱ्यांकडून. ते म्हणतात: चालीला आणि शब्दांना हक्क, ठेक्याला नाही, ही विभागणी मुळात युरोपच्या कागदावरच्या संगीतातून आली. कायद्याने जे स्वरलिपीत उतरतं त्यालाच रचना मानलं. आफ्रिकी-अमेरिकी संगीताचं सगळ्यात मोठं देणं लयीत आहे, आणि नेमकं तेच फुकट वाटायला काढलं. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला, आणि त्याला त्याचा मोबदला असा मिळालाच नाही. विन्स्टन्स या गटाच्या १९६९ मधल्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेल्या सहा-सात सेकंदांवर ब्रिटनमधला जंगल नावाचा आख्खा संगीतप्रकार उभा राहिला, आणि कोलमन २००६ मध्ये गरिबीतच गेला. मग ‘ग्रूव्हला मालक नको’ म्हणणं म्हणजे जुन्याच लुटीला तत्त्वज्ञानाचा शेला पांघरणं नाही का?

हा आक्षेप मी पूर्ण गांभीर्याने घेतो, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. कागदाचा पक्षपात खराच आहे. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहून किंवा छापून काढलेली कृती अशीच व्याख्या होती, आणि ती १९९४ मध्ये बदलेपर्यंत राहिली. ज्या देशातलं बहुतेक संगीत गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात गेलं, त्या देशात! आणि हॉल-ओट्सबद्दल सांगायचं तर १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीवर ही जोडी दिसत होती, तेव्हा कृष्णवर्णीय गायक तिथे जवळजवळ नव्हतेच. १९८३ मध्ये ‘बिली जीन’नेच तो दरवाजा उघडला. फिलाडेल्फियाच्या परिसरात वाढून सोल शिकलेल्या गोऱ्या मुलांना जे सहज मिळालं, ते ज्यांच्याकडून शिकलं त्यांना झगडून मिळवावं लागलं. हे नाकारून पुढे जाता येत नाही.

पण या वस्तुस्थितीतून जो उपाय काढला जातो तो चुकतो. स्टबलफील्डचंच उदाहरण घ्या. ‘फंकी ड्रमर’ची रचना कागदोपत्री जेम्स ब्राउनच्या नावावर आहे. उद्या कायद्याने ठेक्याला रचनेचा दर्जा दिला, तर तो हक्क कुणाकडे जाईल? ड्रमवादकाकडे नाही, रचनेच्या मालकाकडे आणि त्याच्या प्रकाशन कंपनीकडे. स्टबलफील्डला जो वाटा नाकारला गेला तो रचनेचा नव्हता, वादनाचा होता. तो रोजंदारीवर वाजवत होता आणि करारात त्याचं नाव नव्हतं. रोग करारात आहे, औषध रचनेच्या हक्कात शोधलं जातंय. १९५५ मध्ये पॅट बूनने फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ गाऊन पहिला क्रमांक मिळवला, त्या अन्यायाबाबतही हेच. चाल आणि शब्दांवर हक्क होतेच, ते असूनही अन्याय झाला, कारण रेडिओ आणि दुकानं वर्णानुसार विभागलेली होती.

ग्रूव्हचा हक्क प्रत्यक्षात दिला तर काय होतं, हे आपण पाहिलं आहे. मार्च २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने ठरवलं की रॉबिन थिक आणि फॅरल विल्यम्स यांचं ‘ब्लर्ड लाइन्स’ हे मार्विन गेच्या १९७७ मधल्या ‘गॉट टु गिव्ह इट अप’ची नक्कल आहे. दंड सुमारे ७४ लाख डॉलर, तो पुढे सुमारे ५३ लाखांवर आला. या खटल्यातला विरोधाभास विलक्षण होता. गेचं गाणं १९०९ च्या जुन्या कायद्याखाली येत असल्याने संरक्षण फक्त नोंदणीसाठी जमा केलेल्या स्वरलेखनाला होतं. त्या कागदावर ड्रम नव्हता, पार्टीचा गलका नव्हता, आवाजाचा पोत नव्हता, आणि ऐकणाऱ्याला जे सारखं वाटतं ते नेमकं हेच. मूळ ध्वनिमुद्रण ज्यूरीसमोर पुरावा म्हणून येऊ दिलं नाही. मग तज्ज्ञांनी कागदावरून लहान लहान साम्यांची यादी केली. एकेक साम्य सामान्य, पण सगळी मिळून गुन्हा. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल कायम ठेवला. न्यायमूर्ती जॅकलिन न्युएन यांनी विरोधी मत लिहिलं, की यामुळे शैलीलाच कॉपीराइट मिळतो आहे. माझ्या मते त्या बरोबर होत्या.

साम्यांची यादी ही पद्धत का फसवी आहे, ते आकड्यांत पाहावं. आठ घरांपैकी प्रत्येक घर वाजतं किंवा रिकामं राहतं, एवढंच धरलं तर लयीच्या शक्यता होतात २५६. पहिली मात्रा वाजलीच पाहिजे, हे नाचाच्या संगीतात जवळपास गृहीत असतं, म्हणजे उरल्या १२८. त्यातल्या कित्येक नाचायच्या कामाच्या नाहीत. याउलट सात स्वरांतून आठ स्वरांची ओळ बांधायची तर शक्यता ५७ लाखांच्या वर जातात. म्हणून चालीवर हक्क दिल्याने दुसऱ्याला गायला जागा उरते. ठेक्यावर हक्क दिला तर काही वर्षांत जागाच संपते. सोळा घरं घेतली, बेसचे स्वर धरले, तर संख्या वाढते हे मान्य. पण ग्रूव्ह ज्यासाठी असतो, म्हणजे शरीराला न सांगता हलवण्यासाठी, ते काम करणाऱ्या रचना थोड्याच राहतात.

बो डिडलीचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९५५ मधल्या त्याच्या स्वतःच्याच नावाच्या गाण्यातला ठेका बडी हॉलीने १९५७ मध्ये वापरला, १९८७ मध्ये जॉर्ज मायकलच्या ‘फेथ’मध्ये तो आला, पुढच्याच वर्षी यू-टूच्या ‘डिझायर’मध्ये. डिडलीला या ठेक्यासाठी दमडी मिळाली नाही. अन्याय वाटतो ना? पण तो तीन-दोनचा आघात क्यूबाच्या क्लाव्हे या मूळ ठेक्यात आहे, अमेरिकेच्या दक्षिणेत मांड्या-छातीवर हात मारून वाजवल्या जाणाऱ्या हॅमबोनमध्ये आहे, आणि त्यामागे पश्चिम आफ्रिका आहे. डिडली मालक झाला असता, तर त्याच्या मागच्यांना त्याने काय दिलं असतं? मालकी सांगणारा पहिला माणूस हा सहसा पहिला वाजवणारा नसतो, पहिला नोंदणी करणारा असतो.

हाच वाद आज रेगेटोन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीतावर चालू आहे. जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या जोडीचा १९८९ मधला ‘फिश मार्केट’ हा ठेका हजाराहून अधिक गाण्यांत वापरला गेल्याचा दावा २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला, आणि २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. क्लीव्ही हा अस्सल कारागीर आहे, आणि रेगेटोनने जमैकाचं ऋण नीट मानलेलं नाही, हेही खरं. पण ज्या जमैकात एका रिदिमवर, म्हणजे साथीच्या तयार ठेक्यावर, वीस-वीस गायक आपली गाणी बांधतात आणि त्यातूनच संगीत वाढलं, तिथल्याच रिदिमला कुंपण घालायचं? मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा जिथे जिथे कापून लावला असेल, तिथे पैसे वसूल झालेच पाहिजेत. फक्त तसा आघात स्वतः वाजवला म्हणून नाही.

मराठी वाचकाला हा फरक परका वाटू नये. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून पुढे मूळ पदाचा किंवा चिजेचा मुखडा दिलेला असे. गोविंदराव टेंब्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’मध्ये पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, ते कुणाला लपवायचं नव्हतं. हे आजच्या कायद्यापेक्षा सैल होतं, चालसुद्धा घेतली जात होती, आणि ज्या गायिकांच्या गळ्यातून त्या चाली आल्या त्यांना पैसे मिळाले नाहीत, हेही सांगायला हवं. त्या पद्धतीतून घेण्याजोगी गोष्ट एकच: घेतलं ते कुठून, हे छापून सांगण्यात कमीपणा नव्हता. आज मात्र वकील संगीतकारांना सल्ला देतात की प्रेरणेबद्दल मुलाखतीत एक शब्द बोलू नका. ‘ब्लर्ड लाइन्स’च्या खटल्यात गेचं नाव मुलाखतीत घेतल्याचंच हत्यार झालं होतं. १९८५ मध्ये जॅक्सनने जे हॉलला तोंडावर सांगितलं, ते आजचा कोणताही गायक सांगू धजणार नाही. ऋण मान्य करणाऱ्याला शिक्षा करणारी व्यवस्था कृष्णवर्णीय वारशाचं रक्षण करते, असं कसं म्हणायचं?

आणि हक्क शेवटी जातात कुणाकडे? एड शीरनच्या ‘थिंकिंग आउट लाउड’विरुद्ध दोन दावे लागले. एक मार्विन गेच्या ‘लेट्स गेट इट ऑन’चे सहलेखक एड टाउनसेंड यांच्या वारसांचा, तो मे २०२३ मध्ये ज्यूरीने फेटाळला. दुसरा स्ट्रक्चर्ड अ‍ॅसेट सेल्स या कंपनीचा, जिने टाउनसेंडच्या हक्कांतला हिस्सा गुंतवणूक म्हणून घेतला होता. खुद्द हॉलने नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या न्यायालयात ओट्सविरुद्ध दावा लावला, कारण ओट्स आपला भागीदारीतला वाटा प्रायमरी वेव्ह या हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला देऊ पाहत होता. कंपनीचं काम हॉल आणि जॅक्सनसारखं एकमेकांना समजून घेण्याचं नाही, वसुलीचं आहे. तिच्या हातात ठेक्यांची मालकी गेली, तर फिलाडेल्फियातला एखादा सतरा वर्षांचा मुलगा ड्रम मशिन चालू करण्याआधी वकील शोधेल.

नमुना घेण्याच्या बाबतीत, म्हणजे सॅम्पलिंगमध्ये, माझी भूमिका वेगळी आहे, कारण तिथे ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष वापरलं जातं. डी ला सोलने १९८९ मध्ये ‘से नो गो’साठी हॉल-ओट्सच्या याच गाण्याचा तुकडा घेतला, सिंपली रेडने २००३ मध्ये ‘सनराइज’साठी. पैसे द्यावेत, श्रेय द्यावं, वाद नाही. पण परवानगी हा मालकाच्या मर्जीचा आणि कोणत्याही किमतीचा सौदा असल्याने डी ला सोलचा पहिला अल्बम मार्च २०२३ पर्यंत ऑनलाइन सेवांवर येऊच शकला नाही. जुने करार रेकॉर्ड आणि कॅसेटपुरते लिहिलेले होते, आणि नव्याने सगळ्यांच्या सह्या मिळवताना तीस वर्षं उलटली. दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्यासाठी अमेरिकेत ठरावीक दराचा सक्तीचा परवाना आहे. लहान नमुन्यांसाठी तसाच परवाना का नसावा, ज्यात दर आधीच ठरलेला असेल आणि त्यातला एक ठरलेला भाग त्या ध्वनिमुद्रणावर वाजवणाऱ्या वादकांच्या खात्यात थेट जाईल? कोलमनला याचा उपयोग झाला असता. ग्रूव्हच्या मालकीचा झाला नसता.

असा थेट भाग देण्याची यंत्रणा अमेरिकेत अर्धीमुर्धी आहेच. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजलं की साउंडएक्स्चेंज ही संस्था ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के इतर वादक-गायकांच्या निधीला देते. पाच टक्के थोडे आहेत, ते वाढवण्यासाठी भांडावं. पण साध्या एएम-एफएम रेडिओवर हा नियमच लागू नाही. ‘आय कान्ट गो फॉर दॅट’ तिथे चाळीस वर्षांहून अधिक काळ वाजतंय. प्रत्येक वेळी लेखक म्हणून हॉल, ओट्स आणि अ‍ॅलन यांच्या हिश्शाचे पैसे निघतात. गायक म्हणून हॉलला काही नाही, आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या डीशँटला तर नाहीच. रेडिओ कंपन्या म्हणतात, आम्ही फुकट जाहिरात करतो. हे बदलण्यासाठीची विधेयकं अमेरिकी संसदेत पुन्हा पुन्हा येतात आणि पडून राहतात. ज्यांना खरोखर ड्रमवादकाची चाड आहे, त्यांनी ‘बिली जीन’च्या बेसवर रात्री जागवण्याऐवजी या विधेयकांमागे आपलं वजन टाकावं.